मक्याच्या कण्या : पिकवतो ते खाऊनही पाहू या

(बुलडाणा जिल्ह्यातील शेतकरी व महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येचा प्राध्यापक बोलायला उभा राहिला म्हणजे पेरणीचे अंतर, नत्राचे हप्ते आणि लष्करी अळी यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असणे साहजिक आहे. ते विषय माझ्यानंतर आमचे सहकारी मांडणार आहेतच. मी आज आपणांस शेतातून थोडे घराकडे, चुलीपाशी नेणार आहे. विषय आहे मक्याच्या भरड्याचा, म्हणजेच मक्याच्या कण्यांचा.

सुरुवातीला दोन प्रश्न विचारतो. यंदा आपल्यापैकी किती जणांच्या शेतात मका आहे? पुष्कळ हात वर आले. घाटावरचेही आले आणि घाटाखालचेही. आता दुसरा प्रश्न. भाजलेले कणीस सोडून मक्याचा एखादा पदार्थ गेल्या महिन्यात किती जणांच्या ताटात आला? दोन-तीन हात दिसतात, आणि तेही सातपुड्याच्या पायथ्याकडील मंडळींचे असावेत. सातपुड्यातील आदिवासी बांधवांच्या घरी मक्याची भाकरी परकी नाही. आपण बाकीचे मात्र मका पिकवतो, पोत्यात भरतो, बाजार समितीत नेतो आणि येताना पिशवीत रवा, मैदा आणि बिस्किटाचे पुडे घेऊन येतो.

आपला बहुतेक मका कोंबडीखाद्य, स्टार्च आणि आता इथेनॉल यांसाठी जातो. त्यात वाईट काही नाही, तो आपला रोखीचा माल आहे. केंद्र शासनाने मक्याची किमान आधारभूत किंमत २०२४-२५ साठी क्विंटलला २,२२५ रुपये आणि २०२५-२६ साठी २,४०० रुपये जाहीर केली. म्हणजे किलोला २२ ते २४ रुपये. हाच मका भरडून, चाळून, रंगीत पुडीत भरून 'पोलेंटा' या नावाने मोठ्या शहरांतील दुकानांत विकला जातो, तेव्हा त्याची किंमत याच्या कितीतरी पट होते. ती पुडी मी हातात घेऊन पाहिली, तेव्हा आत काय आहे याची उत्सुकता वाटली. घरी आणून पाहिले तर मक्याचा जाडसर पिवळा रवा! हा तर आपल्या जात्यावरही निघेल, असा विचार मनात आला आणि तेथून हा प्रयोग सुरू झाला.

पोलेंटा म्हणजे काय?

मका मूळचा अमेरिका खंडातला. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचल्यानंतर हे पीक युरोपात आले आणि पुढे आपल्याकडेही आले. इटली देशाच्या उत्तर भागात लोंबार्डी, व्हेनेटो, पिडमाँट असे प्रांत आहेत. तेथील शेतकरी पूर्वी जव, वरी-राळ्यासारखी बारीक धान्ये आणि कुट्टू यांचा भरडा शिजवून खात. त्यालाच ते पोलेंटा म्हणत. सोळाव्या शतकात मका आला आणि हळूहळू त्याने या सर्व धान्यांची जागा घेतली. चुलीवर टांगलेल्या तांब्याच्या भांड्यात पाणी उकळायचे, त्यात मक्याचा भरडा पेरायचा, लाकडी दांड्याने पाऊण तास घोटायचा, मग लाकडी पाटावर ओतून घट्ट झाल्यावर दोऱ्याने कापायचा. गरिबाचे जेवण ते हेच. रुमानियात यालाच ममालिगा म्हणतात आणि पूर्व आफ्रिकेत याच्याच जातीच्या घट्ट पदार्थाला उगाली म्हणतात.

आता आपल्या घरात पहा. ज्वारीच्या कण्या आपण करतोच. पाण्यात बेसन पेरून घोटतो, ते ताटाला तेल लावून थापतो आणि पातोडीच्या वड्या पाडतो. पोलेंट्याची रीत म्हणजे कण्यांचे शिजणे आणि पातोडीचे थापणे. दोन्ही हात आपल्या भगिनींच्या अंगवळणी पडलेले आहेत. नवे आहे ते फक्त धान्य.

पहिला प्रयत्न आणि त्यातील चुका

माझा पहिला प्रयत्न साफ फसला, हे प्रामाणिकपणे सांगतो. घरातील मंडळी बाहेर गेली असता मी स्वतःच पातेले चढवले. उकळत्या पाण्यात वाटीभर भरडा एकदम ओतला. क्षणात लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या. फोडू गेलो तर आत कोरडे पीठ. पंधरा मिनिटांत वरून दाट दिसू लागले, म्हणून उतरवले. तोंडात घातले तर दाताखाली कचकच आणि कच्चा वास. अर्धे गाईला घातले.

संध्याकाळी आईने पातेल्याचे बूड पाहिले आणि विचारपूस केली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः पाणी ठेवले, चिमटीने भरडा पेरला, मला चाटू दिला आणि 'थांबू नको' एवढेच सांगितले. चाळीस मिनिटांनी तिने बोटावर घेऊन चव पाहिली आणि म्हणाली, "ह्या त कण्याच हायेत रे बाप्पा, नाव तेवढं साहेबी!" माझ्या पदव्युत्तर शिक्षणाला जे जमले नाही ते तिच्या हाताला जमले. परंतु ते का जमले, हे शास्त्राने सांगता येते आणि सांगणे माझे काम आहे.

मक्याच्या दाण्यात मुख्यतः स्टार्च असतो. पाण्याचे तापमान साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला पोहोचले की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात व चिकट होतात. भरडा एकदम ओतला तर ढिगाचा बाहेरचा थर लगेच चिकट होतो आणि आतल्या भागाला पाणी पोहोचू देत नाही. हीच गुठळी. चिमटीने पेरला तर प्रत्येक कण सुटा भिजतो. दुसरे असे की, मक्याच्या दाण्याचा बाहेरचा भाग काचेसारखा कठीण असतो. त्यातील स्टार्च प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट बसलेला असतो व पाणी सावकाश आत शिरते. म्हणून वरून दाट दिसले तरी आत कच्चे राहते. घाई करून उपयोग नाही.

भरडा कसा तयार करावा?

पूर्ण पक्व, चांगला वाळलेला, पिवळा टणक दाणा निवडावा. काळे, हिरवट, बुरशीचे, किडके आणि फुटके दाणे हाताने वेचून काढावेत. सुपात पाखडून जात्यावर जाडसर भरडावे. गिरणीत न्यायचे असल्यास 'दळू नका, भरडा' असे स्पष्ट सांगावे. चाळणीतून चाळले की वर रवा, खाली पीठ आणि पाखडल्यावर निघणारा कोंडा असे तीन भाग होतात. रव्याच्या कण्या, पिठाची भाकरी किंवा थालीपीठ, आणि कोंडा गुरांना. काहीही वाया जात नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. मक्याच्या दाण्यातील बहुतेक तेल त्याच्या अंकुरात असते. कारखान्यात अंकुर काढून टाकतात, म्हणून पुडीतला रवा दीर्घकाळ टिकतो. आपल्या घरच्या भरड्यात अंकुर राहतो. त्यामुळे तो अधिक सकस असतो, पण लवकर खवट होतो. म्हणून एका वेळी आठ-पंधरा दिवस पुरेल एवढाच भरडा काढावा व हवाबंद डब्यात ठेवावा.

करण्याची रीत

एक वाटी भरडा, साडेचार ते पाच वाट्या पाणी, चवीपुरते मीठ. भरडा शक्यतो रात्रभर पाण्यात भिजत घालावा, म्हणजे शिजण्याचा वेळ व जळण दोन्ही वाचते. भिजवलेला असल्यास त्याच पाण्यासह गार असतानाच चुलीवर ठेवून हलवत उकळी आणावी. कोरडा असल्यास उकळत्या पाण्यात एका हाताने पेरत, दुसऱ्या हाताने हलवत जावे. उकळी आली की जाळ कमी करावा. पहिली पाच-सात मिनिटे सतत आणि नंतर अधूनमधून बुडापासून घोटावे. दाट फसफसणारे शिंतोडे हातावर उडतात व भाजतात, म्हणून लांब दांड्याचा चाटू घ्यावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे. कोरडा भरडा चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत शिजतो. भांड्याच्या कडा सुटू लागल्या व कण बोटांत दाबल्यावर मऊ लागला म्हणजे झाले.

कुकर वापरायचा असल्यास प्रथम पाच मिनिटे उघड्या पातेल्यात हलवून शिजवावे, मग ते पातेले कुकरमध्ये पाणी घालून आत ठेवावे व मंद आचेवर वीस मिनिटे ठेवावे. कण्या थेट कुकरमध्ये शिजवू नयेत. दाट फेसाने शिट्टीची वाट बंद होण्याचा धोका असतो.

गरम कण्यांवर ताक आणि लसणाची फोडणी घालावी. मुलांना दूध-गूळ घालून द्याव्यात. वांग्याचे भरीत, ठेचा, तुरीचे घट्ट वरण किंवा चवळीची उसळ यांच्याबरोबर त्या उत्तम लागतात. उरलेल्या कण्या तेल लावलेल्या ताटात बोटभर जाडीच्या थापाव्यात. थंड झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि सुरीने वड्या पडतात. सकाळी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजल्या की मुलांच्या डब्याची सोय होते.

केवळ मक्यावर राहू नये

आता मी इतका वेळ मक्याची बाजू घेतली, पण त्याची दुसरी बाजू लपवणे योग्य होणार नाही. ज्या इटलीत पोलेंटा रुजला, तेथेच अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत हजारो गरीब शेतमजूर एका भयंकर रोगाने ग्रासले. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलायची, हगवण लागायची आणि शेवटी बुद्धिभ्रम होऊन मृत्यू यायचा. १७७१ मध्ये फ्रापोली या इटालियन वैद्याने त्याला पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी, हे नाव रूढ केले. धान्य मालकाकडे गेले, मांस-दूध परवडत नव्हते, आणि मजुराच्या वाट्याला तिन्ही त्रिकाळ फक्त पोलेंटा राहिला. पुढे अमेरिकेत डॉ. गोल्डबर्गर यांनी हा रोग संसर्गाचा नसून अपुऱ्या आहाराचा आहे हे दाखवून दिले, आणि १९३७ मध्ये एल्व्हेयेम यांच्या संशोधनातून नायसिन या जीवनसत्त्वाचा संबंध स्पष्ट झाला.

मक्यातील नायसिन बांधलेल्या स्वरूपात असते, ते शरीराला मिळत नाही. शिवाय मक्याच्या प्रथिनात लायसिन व ट्रिप्टोफॅन ही आवश्यक अमिनो आम्ले कमी असतात. आणि हा दोष मक्याचाच आहे असेही नाही. हैदराबाद येथे डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये, प्रामुख्याने ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांतही पेलाग्रा आढळतो, हे जगापुढे आणले. म्हणजे कोणत्याही एकाच धान्यावर माणसाला ढकलले की शरीर त्याची किंमत मोजते.

यावर तीन उपाय आहेत.

पहिला उपाय घरातलाच. कण्यांबरोबर डाळ, उसळ, ताक, दूध, शेंगदाणे किंवा अंडे यांपैकी काहीतरी हवेच. डाळीत लायसिन भरपूर असते, त्यामुळे मक्याची उणीव भरून निघते. आठवड्यातून दोन-तीन वेळा कण्या आणि इतर दिवशी ज्वारीची भाकरी, असे ठेवावे. ज्वारी सोडा असे मी मुळीच सांगत नाही.

दुसरा उपाय मेक्सिकोतील शेतकऱ्यांचा. हजारो वर्षे मका खाऊनही त्यांना पेलाग्रा झाला नाही, कारण ते मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्यामुळे बांधलेले नायसिन सुटे होते व कॅल्शियमही मिळते. एक किलो मक्याला तीन लिटर पाणी व दहा ग्रॅम खाण्याचा चुना घ्यावा. अर्धा-पाऊण तास शिजवून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून स्वच्छ धुवावे, म्हणजे साल व जादा चुना निघून जातो. हा मका ओला वाटून भाकरी करता येते, किंवा कडक वाळवून भरडता येतो. चुना पाण्यात कालवताना डोळे सांभाळावेत.

तिसरा उपाय वाणाचा. १९६४ मध्ये अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाच्या मर्ट्झ, बेट्स व नेल्सन यांनी ओपेक-२ या जनुकामुळे मक्यातील लायसिन वाढते हे दाखवले. आपल्या देशात १९७१ मध्ये शक्ती, रतन व प्रोटीना हे वाण आले, पण त्यांचा दाणा मऊ असल्याने ते फारसे रुजले नाहीत. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्रात डॉ. सुरिंदर वासल व डॉ. एव्हान्जेलिना व्हिलेगास यांनी टणक दाण्याचा दर्जेदार प्रथिनांचा मका तयार केला व त्यांना २००० चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे २००५ मध्ये एचक्यूपीएम-१ हा पिवळ्या दाण्याचा संकरित वाण प्रसृत झाला. त्याच्या प्रथिनात लायसिन व ट्रिप्टोफॅन साध्या मक्याच्या जवळजवळ दुप्पट असतात. बियाणे मिळाल्यास घरापुरत्या दोन-चार गुंठ्यांत लावून पाहण्यास हरकत नाही.

येथे एक शेतीची खूण सांगतो. हा गुणधर्म दबका आहे. शेजारच्या साध्या मक्याचा पराग येऊन पडला तर त्या दाण्यात तो गुण उतरत नाही. म्हणून शक्य तर पेरणी शेजाऱ्याच्या तुलनेत तीन-चार आठवडे मागेपुढे करावी, आणि बांधालगतच्या ओळींचा मका विकून मधल्या ओळींची कणसे घरासाठी ठेवावीत. बियाणे दरवर्षी नवे घ्यावे.

बुरशी : सर्वांत महत्त्वाची गोष्ट

भगिनींनो, आजच्या भाषणातले बाकी सर्व विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात मका भिजला. गरीब आदिवासी कुटुंबांकडे दुसरे धान्य नव्हते, त्यांनी तोच बुरशीचा मका खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. कारण होते अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष. ते यकृतावर आघात करते. शिजवल्याने, भाजल्याने किंवा उन्हात घातल्याने ते नाहीसे होत नाही. विशेष म्हणजे त्या गावांतील कुत्रीही मेली होती. म्हणून 'आपण नको, गुरांना घालू' हाही विचार चुकीचा आहे. दुभत्या जनावरातून हे विष दुधातही उतरते.

आपल्याकडे खरीप मक्याच्या काढणीला परतीचा पाऊस हमखास गाठतो. कणसे शेतात ढीग घालून झाकली की आतून वाफ धरते आणि दोन-तीन दिवसांत बुरशी दिसते. तेव्हा घरासाठीचा मका आधीच वेगळा करावा. कणसे सोलून जमिनीपासून उंच, हवेशीर जागी एकेरी थरात पसरावीत. मळणी झाल्यावर दाणे ताडपत्रीवर वाळवून ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणावा. ओलावा मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर दाणा दाताखाली धरावा. कटकन फुटला तर वाळला, चेपला तर अजून ऊन हवे. थंड झाल्यावरच कोठीत भरावा, कोठी जमिनीला व भिंतीला टेकू देऊ नये.

बीजप्रक्रिया केलेले रंगीत बियाणे उरले म्हणून ते धुऊन खाण्याचा मोह कोणीही करू नये. लष्करी अळी २०१८ पासून आपल्याकडे आल्याने फवारण्या वाढल्या आहेत. घरासाठीच्या तुकड्यात शेवटची फवारणी व काढणी यांत शिफारशीचे अंतर पाळावे. विषारी वायूच्या गोळ्या राहत्या घरातील धान्यात कदापि टाकू नयेत.

शेवटी एवढेच

कण्या खाऊन मक्याचा बाजारभाव वाढेल असे कोणी सांगत असेल तर तो आपली दिशाभूल करतो. एका घराला वर्षाला एखादे पोते पुरेल, तेवढ्याने बाजार हलत नाही. मग हा खटाटोप कशासाठी? एक तर विकत आणायचा रवा-मैदा थोडा कमी होईल. एखाद्या महिला बचत गटाला भरड्याचा विचार करता येईल. मात्र विक्री करायची असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी, वाळवण आणि स्वच्छता यांत तडजोड नको.

आणि तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. जो माल कोंबडीच्या खाद्याला जाणार असे आपण समजतो, तो आपण कसाही वाळवतो. जो माल आपल्या लेकरांच्या ताटात येणार, त्याकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो. घरच्या एका पोत्यासाठी शिकलेली काळजी उरलेल्या पन्नास पोत्यांनाही लागू पडेल, आणि ओलसर म्हणून व्यापारी जी कपात करतो ती वाचेल.

यंदाच्या काढणीला एक पायली चांगला मका बाजूला ठेवा. जाते नसेल तर शेजारणीचे मागून आणा. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या तर निराश होऊ नका, माझ्याही झाल्या होत्या. आणि घरातल्या पुरुषांना माझी एक विनंती आहे. पाऊण तास घोटायचे काम आपण करावे. आईने चाटू माझ्या हाती दिला तो उगाच नव्हे.

जय जवान, जय किसान!